आठातली एक जागा

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कॉलेजातला प्रयोगशाळेचा नोकर खोकं घेऊन माझ्या दारात आला. खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला लाकडी गोळ्यांचा एक सांगाडा होता. काळे गोळे, पांढरे गोळे, मोठे बाभळीचे गोळे, आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या बांबूच्या काड्या.

"बाबा, कपाटं साफ करताना हे सापडलं," तो म्हणाला. "खाली तुमचं नाव अन् गाव कोरलंय. यातला एक गोळा कुठं तरी पडलाय. मधला. तेवढा करून द्या, साहेबांना दाखवायचंय."

"पडलेला नाही."

"अहो, बघा की. सगळीकडं हायेत, मधीच न्हाई."

"डोळे आहेत मला. पडलेला नाही म्हणतो ना."

म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. दिसू दे. गंमत अशी की त्या मधल्या जागेच्या मापाचा गोळा माझ्या घरात, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात, चाळीस वर्षं पडून आहे. उठून हात घातला असता तर दोन मिनिटांत बसला असता. मी उठलो नाही. खोकं पुन्हा बांधून दिलं, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्याला गाडी गाठायची होती, नाहीतर सगळं सांगितलं असतं. म्हणून आता लिहितो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. लिहिण्यात कुणाला चुका काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात. कातकामात काढून दाखवाव्यात, मग बोलू.

ते काम तांबोळी मास्तरांचं. मास्तर म्हणायचो, पण शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नाही. तरुणपणी ते एका दगडवाल्या साहेबाबरोबर हातोडी घेऊन राजपुतान्यातल्या अभ्रकाच्या खाणी हिंडले. पुढे त्याच पुण्याच्या कॉलेजात दगडांची कपाटं सांभाळली. तिथली पोरं प्रोफेसराला विचारायला भीत आणि यांना विचारत, म्हणून मास्तर. नोकरी संपल्यावर ते नगरजवळ आमच्या केडगावला आले. माझं दुकान पुणे रस्त्यावर, त्यांच्या दोन खोल्या माझ्या मागच्या अंगाला. घरात ते आणि सून जैनब, दोघंच. बायको पूर्वीच गेलेली.

अंगात काळा कोट, उन्हाळ्यातही. दगड वाहून त्याचे दोन्ही खिसे गुडघ्यापर्यंत लोंबलेले. रस्त्यात खडा दिसला की उचलणार, जिभेनं ओला करणार, उजेडाकडे धरणार. ओला केल्याशिवाय दगड रंग सांगत नाही म्हणायचे. गल्लीतली पोरं त्यांना दगडचाट्या म्हणत. हॉटेलवाला म्हणे, "मास्तर, आज कोणता देऊ, खारा का गोडा?" ते शांतपणे म्हणत, "तुझ्या चहापेक्षा दोन्ही बरे."

पण त्यांची खरी खूण टोपी. कुठंही बसले, ओट्यावर, बाकावर, माझ्या दुकानातल्या ओंडक्यावर, की डोक्यावरची टोपी काढून उजव्या हाताला ठेवायची. एक माणूस बसेल एवढी जागा सोडून ठेवायची. एकदा मी म्हणालो, "मास्तर, टोपी डोक्यावर घालायची असते."

"डोकं कुणी पळवत नाही रे, रंगनाथ," ते म्हणाले. "जागा पळवतात."

आणि दुसरी खूण लॉऱ्यांची. नगरात मिलिटरीच्या गाड्यांना तोटा नाही, आणि तेव्हा तर लढाई संपून वर्षच झालं होतं. पुण्याकडून लॉरी येताना ऐकू आली की मास्तर बोलता बोलता उठायचे, रस्त्याच्या कडेला जायचे आणि ड्रायव्हरचं तोंड बघायचे. लॉरी गेली की परत येऊन बसायचे आणि जो शब्द तोडला होता त्याच्या पुढच्या शब्दापासून बोलायला लागायचे. "शिसवीचा गोळा..." इथं उठले, तर परत येऊन "...काळाच ठेव, लाख नको." मधे काही घडलंच नाही असं. पहिल्यांदा मला हसू आलं. कारण कळल्यावर पुन्हा कधी आलं नाही.

कारण हमीद. मास्तरांचा एकुलता एक. लग्नाला सहा महिने झाले आणि तो मिलिटरीत ड्रायव्हर म्हणून गेला. ब्रह्मदेशातून फौज माघारी येत असताना त्याची लॉरी मागे राहिली. लॉरीचं काय झालं ते कुणाला कळलं नाही, त्याचंही नाही. घरी कागद आला, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. मेला असं लिहिलेलं नव्हतं. मास्तरांनी तेवढंच धरून ठेवलं.

मी कातारी. माझा खराद दोरीचा. दोरी ओढायला माझी बायको गया, आणि हत्यार धरायला मी. ती ओढताना जरा अडखळली की गोळा एका अंगाला जाड होतो, म्हणून गिऱ्हाईक आलं तरी ती मान वर करायची नाही. पण कान तिचे उघडे असत.

एके सकाळी मास्तर फडक्याची पुरचुंडी घेऊन आले. लढाईमुळं जर्मनीहून येणारे लाकडी नमुने बंद पडले होते, आणि दगडाच्या आत कोणते कण कुठं बसलेत हे पोरांना दाखवायला प्रोफेसराला नमुना हवा होता. मास्तरांनी पुरचुंडी सोडली. हरभऱ्याएवढा तपकिरी खडा. वर टोक, खाली टोक, मधे चौकोनी कंबर. मोजून आठ तोंडं.

"कुणी कातला?" मी विचारलं.

"कुणी नाही. जमिनीतून असाच निघतो. माझ्या साहेबानं विलायतेला परत जाताना दिला मला."

मी फिरवून बघितला. "एक कड दबलीय."

"अरे, कोट्यवधी वर्षांचा आहे तो!"

"असंल. काम ते काम."

मास्तर खूप हसले. त्यांना हसताना मी फार वेळा बघितलं नाही, म्हणून हे लक्षात आहे. मग त्यांनी नाव सांगितलं, पायरोक्लोर. म्हणजे आगीत हिरवा होणारा.

"घाला बघू आगीत," मी म्हणालो. सरसाची शेगडी पेटलेलीच होती.

त्यांनी मूठ मिटली. "एकच आहे माझ्याकडं."

या जातीच्या दगडांत एक धातू असतो. त्याला कुणी नायोबियम म्हणतात, कुणी कोलंबियम. दोन मुलखांतले पंडित अजून नावावरून भांडतायत, असं त्यांनी सांगितलं. दोरीवरून गया म्हणाली, "त्यात काय भांडायचं? आमाला बी माहेरचं येक आन् सासरचं येक आसतंच की."

मास्तरांना ते आवडलं. म्हणाले, "बरोबर आहे, गयाबाई. आणि नायोबियम हे नावही बाईवरूनच पडलंय." मग त्यांनी कुठल्याशा जुन्या मुलखातली गोष्ट सांगितली. एका राणीची सगळी लेकरं एका दिवसात मारली गेली. ती इतकी रडली की दगड झाली, आणि त्या दगडातून अजून पाणी पाझरतं.

गयानं दोरी थांबवली. "किती लेकरं?"

"कुणी बारा सांगतं, कुणी चौदा."

"आन् गेल्याली तिनं डोळ्यांनी बघितली?"

"हो."

"मग बरं," गया म्हणाली. "तिला रडाया तरी आलं."

मास्तरांनी खडा फडक्यात बांधला, टोपी उचलली आणि गेले. मी गयाला बोललो, तुझी जीभ फार लांब. ती म्हणाली, "जिभेचं जाऊंद्या. त्या घरात रोज काय हुतंय त्ये ठावं हाय का तुमाला?"

मला नव्हतं. तिला जैनबकडून कळलं होतं. मास्तरांच्या घरी दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या फडक्यावर, रोज दुपारी तीन ताटं मांडायची. मधे मास्तरांचं, डावीकडं जैनबचं, उजवीकडं हमीदचं. त्या घरात सुनेनं मागून जेवायची रीत नव्हती. तिसऱ्या ताटातही भाकरी, कोरड्यास, पाण्याचा पेला, सगळं. जेवणं झाली की ते ताट दारावर येईल त्याला द्यायचं. चार वर्षं असं चाललं होतं.

जैनब बाविशीची असेल. जामखेडला तिचा भाऊ करीम शिवणकाम करायचा. त्याच्या एका दोस्तानं, घड्याळं दुरुस्त करायचा तो, तिला मागणी घातली होती. वाट बघायची मुदत धर्मानं संपली होती, कायद्यानंही. पण जैनब अडून बसली होती. अब्बा स्वतःच्या तोंडानं 'जा' म्हणतील तेव्हाच उंबरा ओलांडीन. आणि मास्तरांच्या तोंडातून तो शब्द निघत नव्हता. 'जा' म्हणायचं म्हणजे हमीद गेला म्हणायचं.

एकदा ती घासलेले गोळे घेऊन आली होती. पांढरे गोळे पॉलिशकागदानं घासायचं काम तिनं आपण होऊन घेतलं होतं. गयाजवळ बसून खालच्या आवाजात म्हणाली, "वैनी, त्यांना मी सहा महिने बघितलं आणि चार वर्षं वाट बघितली. आता चेहरा आठवायला गेलं की अब्बांचाच चेहरा येतो."

"जायाचं हाय का तुला?"

"ते मला कळत नाही. पण राहायचं कशासाठी, ते तरी कुणी सांगावं."

मी खराद पुसत होतो. पुसून झाला होता, तरी पुसत राहिलो.

त्याच सुमाराची ईद. नगरात एका घरी पाळण्याचे खूर पोचवून मी ईदगाहच्या बाजूनं येत होतो. मैदानात नमाजाच्या ओळी लागल्या होत्या. त्यांच्यात खांद्याला खांदा लागला पाहिजे, ओळीत फट ठेवायची नाही, हे मला मास्तरांनीच कधीतरी सांगितलेलं. लांबून बघितलं तर सगळ्या ओळी रंध्यानं साफ केल्यासारख्या, आणि एकाच ओळीत पडलेल्या दातासारखी एक फट. फटीच्या डाव्या बाजूला काळा कोट. मागच्या ओळीतला एक दांडगा माणूस ती भरायला पुढं सरकला. शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं त्याला नुसता हात आडवा केला. तो मुकाट्यानं मागं गेला. सगळं मैदान वाकलं तेव्हा ती फटही वाकल्यासारखी मला दिसली. ऊन असेल. मी सायकल दामटली.

आता माझी चूक सांगतो. सांगायला लाज नाही, कारण ती चूक माझ्या कामातली नव्हती, माझ्या डोक्यातली होती.

मास्तरांनी मला कागदावर सगळं काढून दिलं होतं. काळे शिसवीचे गोळे नायोबियमचे, पांढरे कुड्याचे ऑक्सिजनचे, बाभळीचे मोठे दुसऱ्या धातूंचे. पांढऱ्यांच्या आठ जागा धरल्या तर त्यांतली एक रिकामी. "आठांत एक," ते बोट वर करून म्हणायचे. अख्ख्या दगडात अशा कितीतरी रिकाम्या जागा, पण आपल्या नमुन्यात पोरांना कळावं म्हणून एकच घ्यायची, मधोमध. तिच्याभोवती चार काळे, आणि सहा दिशांना सहा पांढरे.

गोळे कातून झाले, सामत्यानं, म्हणजे दोरीच्या गिरमिटानं, भोकं पाडून झाली, काड्या बसल्या. सांगाडा उभा राहिला आणि मधे ते भगदाड. मी दोन दिवस त्याच्याकडं बघत होतो. खाली माझं नाव कोरलेलं, आणि पुण्याची माणसं काय म्हणणार? केडगावचा कातारी एक गोळा विसरला. मी दोरीला गयाला बसवलं, कुड्याचा एक गोळा कातला, बाकीच्यांपेक्षा साफ कातला, आणि मधे दाबून बसवला. कसा बसला म्हणता! जणू सगळा सांगाडा त्याच्यासाठीच थांबला होता.

सकाळी मास्तर आले. टोपी काढून उजवीकडं ठेवली. मी फडकं उचललं. ते मान तिरकी करून एकेक गोळा बघत गेले आणि मधे येऊन थांबले. 

"हा कोण बसला इथं?"

काय बसवलंस, असं नाही विचारलं. कोण बसला, असं विचारलं. पण मी नमलो नाही. "मी बसवला. जागा मोकळी दिसत होती."

"मोकळी नाही ती. ती जागा आहे."

"जो नाहीच, त्याला जागा कशाला?"

"नाही म्हणून जागा जाते का त्याची?" त्यांचा आवाज वर गेला, मग एकदम खाली आला. "रंगनाथ, इथं कुणी बसलं की हा दगड हा राहत नाही. दुसराच होतो."

झोपलेल्या लेकराच्या मुठीतून काही सोडवून घ्यावं तसा त्यांनी तो गोळा दोन बोटांनी हळू काढला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आणि हे सहा तू सरळ बसवलेस. हे सरळ नसतात. त्या जागेकडे जरा झुकलेले असतात." पत्रा कापून केलेलं माप त्यांनी पुढं ठेवलं. केवढं झुकायचं, त्याचं.

म्हणजे सहाही गोळे पुन्हा. मी रागानं काम घेतलं. तयार गोळ्यात तिरकं भोक पाडायला गेलो की सामता लाकडाच्या धाग्याच्या आडवा शिरायचा. पहिला गोळा चिरला. दुसरा चिरला. तिसरा चिरला तेव्हा मास्तर समोर बसले होते. आदल्या दिवशी जामखेडहून करीम आला होता आणि त्यांच्या घरात बोलाचाली झाली होती. ती आमच्या भिंतीतून ऐकू आली होती. करीम म्हणत होता, अब्बा, एक शब्द बोला, हो नाहीतर नाही. त्यावर मास्तरांचा आवाज काही आला नव्हता.

मी चिरलेला गोळा त्यांच्या पायाशी टाकला. "मधे काहीच नाही, तर हे झुकतात कशाकडं? काय आहे तिथं एवढं ओढणारं?"

त्यांना समजावून सांगायला आवडायचं, आणि त्या दिवशी घरापेक्षा हे बोलणं सोपं वाटलं असावं. ते खाली वाकून बोटानं भुशात काढायला लागले. "रिकामी जागा ओढत नाही रे. ती काय ओढणार? तिच्याभोवती हे चार नायोबियम बसलेत ना, ओढ त्यांची. मधे बसून मागं रेटणारा कुणी नाही, म्हणून हे सरकतात."

गया दोरी सोडून उठली. पदरानं हात पुसले. तिनं त्या भुशातल्या खुणांकडं बघितलं.

"म्हंजे जो न्हाई त्यो कुणाला वढत न्हाई," ती म्हणाली. "भवतीनं बसल्याली वढत्यात."

"हो. तसंच."

"मग मास्तर, पोरीला हमीदभाऊंनी न्हाई धरून ठिवल्याली. तुमी धरलीया. चिरंल ती."

 मी गयाला गप्प करायला तोंड उघडलं. रस्त्यावरून एक मिलिटरीची लॉरी गेली, चांगला आवाज करत गेली. मास्तर उठले नाहीत. त्यांनी लॉरीकडं मानही वळवली नाही. थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घराकडं गेले.

टोपी ओंडक्यावर तशीच राहिली होती.

त्या दिवशी आम्ही दोघांनी टोपीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गया म्हणाली, "द्या की नेऊन. मला बघवंना तिकडं." मी टोपी कागदात गुंडाळून गेलो. दस्तरखान मांडलेलं होतं. मास्तर, जैनब, आणि ते तिसरं भरलेलं ताट. करीम हातपाय धुऊन आला आणि सहज त्या ताटावर बसायला वाकला.

"तिथं नको," मास्तर म्हणाले. "इकडं, माझ्या समोर बस."

जैनबनं चौथं ताट वाढलं. मला बसायला सांगितलं, मी उंबऱ्यावरच टेकलो. जेवण चाललं होतं, भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मास्तर ताटातून मान वर न करता म्हणाले, "जैनब."

"जी."

"उद्याच्या मोटारीनं भावाबरोबर जा."

"किती दिवसांसाठी, अब्बा?"

मास्तरांनी भाकरीचा तुकडा केला. त्याचा आणखी एक केला. "जा, बेटी," ते म्हणाले. "हमीद आला तर मी सांगीन त्याला. मी जा म्हणालो म्हणून गेली. तिचा कसूर नाही."

जैनब उठली, तांब्या घेतला आणि त्या भरलेल्या ताटाजवळच्या पेल्यात रोजच्यासारखं पाणी ओतायला लागली. पेला भरला, तरी ती ओतत होती. दस्तरखान भिजलं, मास्तरांच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं. कुणी तिला थांब म्हटलं नाही. करीमनंच शेवटी तांब्या तिच्या हातातून घेतला.

टोपी द्यायची राहिलीच. निघताना उंबऱ्यावर ठेवली.

ती गेली. जाताना गयाला भेटायला आली, दोघी आत बसून काय बोलल्या ते गयानं मला कधी सांगितलं नाही. इकडं मी ते सहा गोळे केले. युक्ती सोपी निघाली: आधी लाकडाच्या ठोकळ्यात तिरकं भोक पाडायचं आणि मग त्याच्याभोवती गोळा कातायचा. लाकडाला आधी सांगून ठेवलं की कुठं झुकायचंय, मग ते चिरत नाही. सहाही बसले, मास्तरांच्या मापात. मधली जागा मी पुसून स्वच्छ ठेवली. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आता बरोबर." माझ्या कामाला त्यांनी दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र.

नमुना पोचवायला ते पुण्याला गेले आणि तिकडंच बहिणीच्या मुलाकडं राहिले. खोल्या दुसऱ्याला गेल्या. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी सांगितलं, तांबोळी मास्तर वारले. जैनबला मुलगी झाली तेव्हा जामखेडहून गयाला पेढे आले. हमीद आला नाही. आला असता तर त्यानं आधी माझ्याच दुकानात चौकशी केली असती, रस्त्यावरचं दुकान ते. गया जाऊनही आता सात वर्षं झाली. अजून मिलिटरीची लॉरी गेली की माझी मान वळते आणि मी ड्रायव्हरचं तोंड बघतो. कुणाला बघतो? मी तर हमीदला कधी पाहिलेलंही नाही.

मास्तरांना मी शेवटचं बघितलं ते पुण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत. खोकं उचलून मीच आत ठेवायला गेलो होतो. शेवटचं लांब बाकडं मोकळं होतं. मास्तर त्याच्या मधोमध बसले. खोकं मांडीवर घेतलं. टोपी काढून उजव्या हाताला ठेवली, एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मग हातातली छडी उचलली, जरा वेळ तशीच धरली, आणि डाव्या हाताला ठेवली. तिथंही तेवढीच जागा सोडून.

मी खाली उतरलो. मोटार भरत आली होती. कंडक्टर मागं आला, बाकड्याकडं बघितलं.

"ओ बाबा, हितं कोण बसलंय का?"

मास्तरांनी आधी उजवीकडं बघितलं. मग डावीकडं.

"बसलेत," ते म्हणाले.